वाळवेकरबाईंची शेवटची मैफल

आईनं मांडवाभोवती सावकाश एक चक्कर मारली, कुठून कुठून आत येता येतं ते बघून घेतलं आणि मला म्हणाली, "मागची बाजू तू सांभाळ. पुढं मी बसते. मध्यंतर झालं तरी जागेवरून हलू नकोस."

गडहिंग्लजमधल्या एका हायस्कूलचं मैदान होतं. जानेवारीतला रविवार, दुपारची वेळ. ऊन होतं पण सावलीत गार वाटत होतं. मैदानावर कनाती लावून मोठा मांडव घातला होता. पुढून कमानीतून लोक येत होते. मागं शाळेच्या पाण्याच्या टाकीकडं कनातीत एक फट ठेवली होती, तिथून बायका लहान मुलांना घेऊन आत-बाहेर करत होत्या. त्या फटीशी मी उभी राहिले.

चंद्रभागाबाई वाळवेकरांचं ते शेवटचं जाहीर गाणं होतं. घशाच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी त्यांना गायला मनाई केली होती. गडहिंग्लज त्यांचं माहेर, म्हणून शेवटचा कार्यक्रम तिथं ठेवला होता. बेळगावहून, धारवाडहून माणसं आली होती. आम्ही कऱ्हाडहून पहाटेच्या एसटीनं निघालो होतो, पण बाईंचं गाणं ऐकायला नव्हे. आम्ही माझ्या भावाला शोधायला आलो होतो. त्यानंतर शोधायला जागाच उरणार नव्हती.

उल्हासदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी रांगत होते, त्यामुळं घरातला पुरुष म्हणून मी त्यालाच ओळखत आले. आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. दादा सांगलीला इंजिनीअरिंग शिकत होता. मी बारा वर्षांची असताना, जूनमधल्या एका सकाळी तो नेहमीसारखा पिशवी घेऊन सांगलीला म्हणून निघाला आणि तिथं पोचलाच नाही. चौकशी करायला आई गेली तेव्हा कळलं की त्यानं वर्षभरापूर्वीच खोली सोडली होती. आदल्या दोन्ही परीक्षांना तो बसला नव्हता. घरी मात्र दर सुट्टीत येऊन पेपर कसे गेले ते सांगायचा. कोणता पेपर अवघड होता, कोणत्या मास्तरांनी काढला होता, सगळं सांगायचा. आई ते खरं समजून शेजाऱ्यांना सांगायची.

पोलिसांत वर्दी दिली, नातेवाइकांकडं विचारून झालं. पहिल्या दोन वर्षांत दोनदा आईला पोलिसांचं बोलावणं आलं, एकदा मिरजेहून आणि एकदा पुण्याहून. दोन्ही वेळा शेजारचे गुरवकाका तिच्यासोबत गेले. मला नेलं नाही. परत आल्यावर आई आधी डोक्यावरून आंघोळ करायची आणि मग मला जवळ घेऊन "नव्हता" एवढंच म्हणायची. पुण्याहून आली त्या दिवशी तिला बराच वेळ बोलताच आलं नाही. मी दारात उभी होते. तिच्या तोंडाकडं बघून मला काही कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

त्यानंतरच कधीतरी तिच्या डोक्यात गाण्याचं आलं.

दादा गात नव्हता, वाजवत नव्हता. त्याला फक्त ऐकायचं वेड होतं, आणि तेही वाळवेकरबाईंचं. सांगलीला पहिल्या वर्षी त्यानं त्यांना ऐकलं आणि मग त्यांचा कार्यक्रम जिथं असेल तिथं तो जायचा. ट्रकनं जायचा, उपाशी जायचा, एकदा अंगात ताप असताना कोल्हापूरला गेला होता. कऱ्हाडच्या नगरवाचनालयाच्या हॉलमध्ये बाई आल्या तेव्हा मला घेऊन गेला. मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. मध्येच जाग आली तेव्हा त्याचा डावा अंगठा बाकीच्या बोटांवर फिरत होता, एकदा सावकाश, एकदा भरभर. गाणं आवडलं की इतरांसारखी मान हलवायची त्याला सवय नव्हती. तेवढा अंगठा फिरायचा.

आई म्हणाली, "तो मला सोडून जाईल. बाईंचं गाणं सोडायचा नाही."

मग आम्ही जायला लागलो. पेपरात कोपऱ्यात कुठं जाहिरात दिसली की आई रजा टाकायची आणि मला घेऊन निघायची. पुढं वर्षानुवर्षं मी इतक्या मैफली पाहिल्या की एखादा मोठा रसिक माझा हेवा करील. पण मला विचाराल तर इचलकरंजीच्या मैफलीतला एक चष्मेवाला आठवतो, जो सगळा वेळ खिशातून शेंगदाणे काढून खात होता. सांगलीचा आठवतो तो शेवटच्या रांगेतला एक तरुण, पाठीकडून अगदी दादासारखा, पुढून देवीचे व्रण असलेला. सोलापूरला तर आईनं गर्दीत एकाचा खांदाच धरला. तो वळला. आईनं हात काढला नाही, नुसती बघत राहिली. शेवटी त्याच्या बायकोनं तिचा हात बाजूला केला. बाई त्या दिवशी काय गायल्या ते मला सांगता येणार नाही.

आई पहिल्या रांगेच्या टोकाला बसायची, व्यासपीठाकडं पाठ करून. गाणं सुरू झालं की एकेका रांगेवरून तिची नजर फिरायची, वर्गात हजेरी घेताना फिरते तशी. लोक तिच्याकडं बघून आपसांत बोलायचे. काहींना ती वेडी वाटायची. मला लाज वाटायची, मग लाज वाटल्याची लाज वाटायची.

एकदा बेळगावला कार्यक्रम संपल्यावर खुद्द बाईंनी आईला आत बोलावून घेतलं. मोठ्या अंगाची, सावळी बाई. गाऊन दमलेल्या होत्या. त्यांनी सरळच विचारलं, तुम्ही दरवेळी पुढं येऊन माझ्याकडं पाठ करून का बसता? माझं काही चुकलं का? आईनं दादाचं सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा तशाच." त्यानंतर कुठंही गेलो तरी पहिल्या रांगेच्या टोकाची खुर्ची आईसाठी राखलेली असायची.

अशी बारा वर्षं गेली. मी चोवीस वर्षांची झाले होते. मला बघायला येणारे लोक भावाबद्दल विचारायचे आणि आम्ही खरं सांगितलं की पुन्हा यायचे नाहीत. मला त्याचं फारसं वाटत नव्हतं. मला भीती वाटायची ती वेगळीच. दादाचा चेहरा मला नीट आठवेनासा झाला होता. समोर आला तर मी ओळखेन का, याची खात्री मला राहिली नव्हती, आणि हे मी आईला कधी सांगू शकले नाही.

गडहिंग्लजला येताना एसटीत आई एकदाच बोलली. "आज नाही दिसला तर?" असं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. 

बाईंनी मुलतानी सुरू केला. आवाज बसका होता, वरच्या सुरांवर त्या जपून जात होत्या, पण मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मी फटीतून रांगा बघत होते. पार पलीकडं, माणसांच्या डोक्यांवरून, मला आईचा चेहरा दिसत होता. सगळ्या श्रोत्यांत तेवढा एकच चेहरा माझ्याकडं वळलेला होता. तिची मान हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं जायची, परत यायची. मुलतानी संपता संपता ती उठून उभीच राहिली. रांगांतून कोणीतरी खाली बसा म्हणालं. ती बसली आणि पुन्हा उठली.

मध्यंतर झालं. लोक उठले, पाण्याच्या टाकीपाशी गर्दी झाली. मला फटीतून नीट दिसेना म्हणून मी चार पावलं बाहेर आले.

टाकीच्या पलीकडं शाळेची एक जुनी बैठी इमारत होती. रविवार असल्यामुळं वर्गांना कुलुपं होती. समोरच्या कडुलिंबावर एक भोंगा बांधला होता, आतलं गाणं त्यातून बाहेर ऐकू यायचं. इमारतीच्या पायरीवर एक माणूस बसला होता आणि त्याच्या शेजारी चार-पाच वर्षांची मुलगी कागदाच्या पुडीतून बोरं खात होती. मांडवात खुर्च्या रिकाम्या असताना हा इथं का बसलाय, एवढाच विचार माझ्या मनात आला. कपाळावरचे केस गेलेले, जाड चष्मा, अंगानं सुटलेला. आत तबलजी ठोकून बघत होता आणि बाई नुसताच सूर लावत होत्या, पुढच्या रागाचा. त्या माणसाचा डावा हात गुडघ्यावर होता. अंगठा बोटांवरून फिरत होता.

मी त्याच्यापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. मी त्याचं मनगट धरलं होतं, एवढं आठवतं.

"दादा."

त्यानं आधी माझ्याकडं नाही, मांडवाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "वैजू," तो म्हणाला. आवाज तोच होता.

"आई आत आहे."

"माहीत आहे मला."

मला ते कळलंच नाही. मी पुन्हा म्हणाले, आई आत आहे, पुढं बसलीय. तो खालच्या आवाजात बोलायला लागला, भराभर, जणू कधीतरी हे सांगावं लागणार म्हणून त्यानं पाठ करून ठेवलं होतं. पहिल्यांदा त्यानं आईला बेळगावला पाहिलं. तो खांबाआड बसला होता. ती एकेक रांग बघत त्याच्या बाजूला येत होती. त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो उठून गेला. त्यानंतर तो कधी आत बसला नाही. बाहेर भोंगा असला तर भोंग्याखाली उभा राहायचा, नसला तर तसाच परत जायचा.

"बाईंना गाताना पाहून मला नऊ-दहा वर्षं झाली," तो म्हणाला. "आज शेवटचं म्हणून हिला घेऊन आलो."

म्हणजे आम्ही त्याला शोधत होतो आणि आमच्या शोधण्यामुळंच तो बाहेर राहत होता. "आईनं आजवर एक सूर ऐकलेला नाही," मी म्हणाले. "सारखी तुलाच बघत असते."

त्यानं मान खाली घातली. मुलीनं बोर खाता खाता विचारलं, "बाबा, ह्या कोण?"

"थांब जरा. खा तू."

मग तो मला म्हणाला, "हात सोड, वैजू. लोक बघतायत."

"नाही सोडणार."

"पळत नाही मी."

"चल मग आत."

तो हलला नाही. का गेलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, आधी परीक्षेची लाज वाटली. वाटलं, महिनाभर कुठंतरी राहू, कामाला लागू, मग जाऊ. महिन्याचे सहा महिने झाले. मग परीक्षेचं राहिलं बाजूला, इतके दिवस गेलो नाही याचीच लाज वाटायला लागली. आणि ती दर वर्षी वाढत गेली.

"आणि आता येता येत नाही," तो म्हणाला. "लग्न ठरताना बायकोकडच्यांनी विचारलं, घरी कोण कोण. मी म्हणालो, कोणी नाही. वडील गेले, आईही गेली."

मी त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"तेव्हा वाटलं होतं, पुढं कधीतरी सांगू. ही झाली तेव्हाही वाटलं होतं."

हातात पेल्यांचा ट्रे घेतलेली, बिल्ला लावलेली एक स्वयंसेविका टाकीकडून येत होती. मी तिला हाक मारली. म्हणाले, पहिल्या रांगेच्या टोकाला, व्यासपीठाकडं पाठ करून एक करड्या साडीतल्या बाई बसल्यात, त्यांना सांगा वैजू मागं बोलावतेय. ती हो म्हणून गेली. दादानं एकदा मनगट पिळून सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मी दोन्ही हातांनी धरलं. त्यानं मुलीकडं पाहिलं आणि जोर करायचं थांबवलं.

"पाया पडतो तुझ्या," तो म्हणाला. "हिच्यासमोर नको."

सोडलं असतं तर तो गेला असता, आणि त्या दिवसानंतर कुठल्याच गावात वाळवेकरबाईंचं गाणं असणार नव्हतं. मी सोडलं नाही.

आई फटीतून बाहेर आली. पळत आली नाही. तिच्या पायात चपला नव्हत्या, खुर्चीखालीच राहिल्या असाव्यात. मैदानातल्या खडीवरून ती तशीच चालत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं त्याला कसं ओळखलं, किती वेळात ओळखलं, मला सांगता येणार नाही. तिनं तळहात त्याच्या गालावर ठेवला. मग केस गेलेल्या कपाळावरून बोटं फिरवली, कानाच्या पाळीला हात लावला, पुन्हा गालावर आली. दादानं डोळे मिटून घेतले. त्याचं मनगट अजून माझ्या हातात होतं.

भोंग्यातून तबला सुरू झाला.

"बाबा, ह्या आजी कोण?" मुलगी म्हणाली.

दादानं डोळे उघडले. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आईही बघत होती.

"ह्या," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "ह्या गाणं ऐकायला येतात."

माझ्या जिभेवर आलं होतं. ही तुझी आजी आहे, तुझ्या बापाची आई आहे, जिवंत आहे, बारा वर्षं वणवण फिरतेय. मी तोंड उघडलं तेवढ्यात आईनं माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं माझ्याकडं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी गप्प झाले. तिनं दादाच्या गालावरचा हात काढला आणि ती मुलीसमोर खाली वाकली.

"हो गं, बाळ," ती म्हणाली. "गाणं ऐकायलाच येते मी. तुझे बाबा लहानपणी आमच्या शेजारी राहायचे. खूप वर्षांनी दिसले, म्हणून बघत होते."

मुलीला ते पटलं. तिनं पुडी पुढं केली. आईनं एक बोर घेतलं.

"बाबांची आई पण तुमच्या शेजारी राहायची?"

"राहायची."

"ती देवाघरी गेली."

"हो," आई म्हणाली. "माहीत आहे मला."

मग ती उठली आणि मला म्हणाली, "वैजू, सोड त्याचा हात."

मी सोडला. त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. आता तो जाईल असं मला वाटलं, पण तो गेला नाही. व्हरांड्याच्या खांबाला टेकून, आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. आई पायरीवर मुलीशेजारी बसली. मी एका बाजूला बसले. आत बाई पूरिया धनाश्री गात होत्या आणि आम्ही चौघं बाहेर भोंग्यातून तो ऐकत होतो. मुलगी आईला तिच्या शाळेतलं काहीबाही सांगत होती, एक मैत्रीण चिमटे काढते, वर्गातल्या बाई रागावत नाहीत. आई वाकून ऐकत होती. भोंग्यातला आवाज आला की मुलगी म्हणायची, ऐका आता, आता त्या वर जाणार. बापानं शिकवलेलं असावं. आई मान हलवायची.

एकदा मुलगी हळूच म्हणाली, "बाबा रडतायत."

"रडू दे," आई म्हणाली. "गाणं चांगलं चाललंय."

ऊन उतरलं. बाईंनी भैरवी घेतली. शेवटी शेवटी त्यांचा आवाज फुटत होता, तरी त्या थांबत नव्हत्या. मग त्या थांबल्या. बराच वेळ कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि वाजायला लागल्या त्या थांबेनात. लोक दोन्ही बाजूंनी बाहेर यायला लागले.

दादा आईजवळ आला. मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आई, मी येईन. घरी सगळं एकदा सांगतो आणि येतो."

बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशिवाय कोणी तिला तशी हाक मारताना मी ऐकत होते. आईनं मुलीच्या वेणीची सुटलेली लाल रिबीन बांधून दिली. बांधून झाल्यावर म्हणाली, "घर तेच आहे."

कुठं राहतोस, काय करतोस, बायकोचं नाव काय, तिनं काही विचारलं नाही. मी विचारलं तर तो म्हणाला, आहे जवळच. त्यानं मुलीला कडेवर घेतलं. गर्दीत काही वेळ लाल रिबीन दिसत राहिली, मग तीही दिसेनाशी झाली.

चपला शोधून आणून मी आईच्या पायांशी ठेवल्या. स्टँडकडं जाताना माझ्याच्यानं राहवलं नाही. मी भांडलेच तिच्याशी. तू मेली आहेस असं कबूल करून बसलीस, मी म्हणाले. एवढी वर्षं कशासाठी फिरलो आपण?

"पोरीसमोर त्याला खोटा पाडला असता," आई म्हणाली, "तर मग तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघितलं असतं त्यानं? तिच्यापासूनही पळाला असता." आणि थोडं चालल्यावर म्हणाली, "जाड झालाय. कोणीतरी वेळेवर जेवायला घालतंय."

कोल्हापूरची गाडी लागलेली होती. खिडकीपाशी बसायला मिळालं. गाडी गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना ऊस लागला. आई शांत होती. इतकं शांत मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. जिवंत आहे, बरा आहे, एवढं कळलं.

आणि एकदम तिनं माझा दंड धरला.

"वैजू, मुलीचं नाव काय?"

मी म्हणाले, तुला सांगितलं असेल ना तिनं.

"नाही. तू विचारलंस ना?"

मी विचारलं नव्हतं. दादानंही तिला आमच्यासमोर नावानं हाक मारली नव्हती. एवढा वेळ ती आमच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

"मी नुसतं बाळ बाळ म्हणत बसले," आई म्हणाली.

ती उठली. धावत्या गाडीत तोल सावरत पुढं गेली आणि तिनं घंटेची दोरी ओढली. एकदा ओढली, गाडी थांबेना म्हणून ओढतच राहिली. कंडक्टर चिडला. काय राहिलं मावशी, असं त्यानं विचारलं. आईला सांगता येईना. राहिलं हो, राहिलं, एवढंच ती म्हणत होती. गाडी थांबली. आम्ही रस्त्यात उतरलो आणि उलट चालायला लागलो. आई चालत नव्हती, पळत होती. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई साडी हातात धरून उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूनं पळत होती. मी तिला आई, हळू, आई, थांब म्हणत मागून जात होते. मध्येच ती थांबली, वाकून श्वास घेतला आणि पुन्हा पळायला लागली.

मैदानात पोचलो तेव्हा माणसं सतरंज्या गुंडाळत होती. कनाती निम्म्या उतरल्या होत्या. एकजण कडुलिंबावर चढून भोंगा सोडत होता. आईनं प्रत्येकाला विचारलं. चष्मेवाला माणूस, कडेवर मुलगी, लाल रिबीन. कुणी पाहिलं नव्हतं. ती बिल्ला लावलेली स्वयंसेविका अजून होती. ती म्हणाली, मावशी, लहान मुली पुष्कळ होत्या.

आई रस्त्यावर आली. तिथं चार रस्ते फुटत होते. सायकली, बैलगाड्या, बाजार उरकून परतणारी माणसं. ती मध्ये उभी राहिली आणि प्रत्येक रस्त्याकडं वळून बघत राहिली. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दादाला हाक मारावी तर मुलगी सोबत असणार. मुलीला मारावी तर नाव माहीत नव्हतं. घशातून नुसता आवाज आला. जाणारे-येणारे वळून बघायला लागले. मी तिला धरलं आणि रस्त्याच्या कडेला आणलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पुण्याहून परत आली होती तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

दादा आला नाही. पहिली काही वर्षं आई दुपारी झोपत नव्हती, दाराची कडी लावत नव्हती. मग लावायला लागली. वाळवेकरबाई गेल्याचं पेपरात आलं तेव्हा तिनं ते वाचलं आणि घडी घालून ठेवलं. दादाबद्दल ती पुन्हा बोलली नाही. बोलायची ती फक्त मुलीबद्दल. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पोरं नव्या दप्तरांनी रस्त्यानं जायला लागली की ती दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, आता पहिलीला बसली असेल. पुढच्या वर्षी म्हणायची, दुसरीत गेली असेल, आता पाढे आले असतील. तिनं त्या मुलीला मनानं कुठलंही नाव दिलं नाही. मी एकदा म्हणाले, ठेव ना काहीतरी, आपल्यापुरतं. आई म्हणाली, "तिला नाव आहे की."

आई गेली त्या वर्षी ती नववीत असायला हवी.